कांदा पोसला का?

२००८ सालचा जून महिना. नासाचं फिनिक्स यान मंगळाच्या उत्तर ध्रुवाजवळ उतरून महिना झाला होता. त्याने चमचाभर माती उचलली, पोटातल्या छोट्याशा प्रयोगशाळेत टाकली, वर पाणी ओतलं आणि आपल्याकडे माती परीक्षण केंद्रात करतात तसं परीक्षण केलं. सामू आला किंचित अल्कधर्मी. मॅग्नेशियम, पोटॅशियम, सोडियम सगळं हजर. हे परीक्षण करणारे टफ्ट्स विद्यापीठाचे सॅम्युएल कुनावेस पत्रकारांना म्हणाले, की आपल्या घरामागच्या परसात असते तशीच ही माती आहे, हिच्यात ॲस्परॅगस छान येईल. झालं! दुसऱ्या दिवशी जगभरच्या पेपरात मंगळावर भाजीपाला पिकू लागला.

(ॲस्परॅगस म्हणजे आपल्या शतावरीची विलायती बहीण. आणि वनस्पतिशास्त्राच्या वंशावळीत कांदासुद्धा ह्याच गणात येतो. म्हणजे बातमी तशी आमच्या भावकीतलीच.)

मग ऑगस्ट उजाडला, आणि त्याच यानाचे पुढचे आकडे जाहीर झाले. त्या मातीत साधारण अर्धा टक्का पर्क्लोरेट निघालं. हे मीठ कशात वापरतात, तर अग्निबाणाच्या घन इंधनात. आपल्या पीएसएलव्हीचा पहिला टप्पा ज्याच्या जोरावर उडतो ते अमोनियम पर्क्लोरेट ह्याच खानदानातलं. माणसाच्या पोटात गेलं तर थायरॉइडला आयोडिन घेऊ देत नाही. शतावरीची बातमी दोन महिन्यांत शिळी झाली.

मला ही गोष्ट फार आवडते. कारण आमच्या धंद्यात हे रोज होतं. पहिली टेस्ट पास झाली की मॅनेजर क्लायंटला मेल टाकून मोकळा होतो, आणि खरा बग नंतर सावकाश चहा पीत पीत येतो.

तर आजचा विषय हाच. मंगळाच्या मातीत झाड जगेल का, हे पृथ्वीवर बसून कसं तपासतात, त्यातून खरोखर काय कळतं, आणि लासलगावच्या माणसाने ह्यात नाक का खुपसावं.

नकली माती, असली दगड

मंगळावरून अजून एक चिमूटभरही माती मुद्दाम पृथ्वीवर आणलेली नाही. मग प्रयोग कशावर करायचे? तर तिच्यासारखी माती तयार करायची. तिला म्हणतात सिम्युलंट. नाव भारदस्त, पण आहे ती डमी डेटाच. नव्वदच्या दशकात नासाने हवाई बेटावरच्या एका ज्वालामुखीच्या शंकूतली राख-माती उचलली, चाळली आणि तिला 'जेएससी मार्स-१' असं नाव दिलं. पुढे मोहावी वाळवंटातला बेसॉल्ट दळून आणखी एक माती झाली. २०१२ साली क्युरिऑसिटी गाडीने मंगळावर रॉकनेस्ट नावाच्या जागेची माती क्ष-किरणांखाली तपासली आणि ती हवाईच्या झिजलेल्या बेसॉल्टसारखी निघाली. मग त्या आकड्यांवर बेतून फ्लोरिडात 'एमजीएस-१' नावाची जास्त काटेकोर पाककृती तयार झाली.

आता लक्षात घ्या, ह्या सगळ्या पाककृतींत मुख्य जिन्नस एकच. बेसॉल्ट. आणि बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाण! सह्याद्री बेसॉल्टचा, अजिंठा-वेरूळ बेसॉल्टमधलं, आमच्या गावची विहीरही बेसॉल्टमध्येच फोडलेली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचं पठार झालं. बुलढाण्याचं लोणार सरोवर म्हणजे तर ह्याच बेसॉल्टमध्ये उल्का आदळून पडलेला पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा. मंगळावरचे खड्डे समजून घ्यायला जगभरचे शास्त्रज्ञ लोणारला येतात ते ह्याचसाठी.

फरक आहेत, नाही असं नाही. रॉकनेस्टच्या मातीत लोहाची ऑक्साइडं १९ टक्क्यांच्या आसपास, आपल्या दख्खनच्या दगडात १२-१४. फॉस्फरस तिकडे जास्त. आपल्याकडे साडेसहा कोटी वर्षांचा पाऊस आणि मुळं ह्यांनी वरचा दगड कुजवून काळी माती केली, तिकडे हे काही झालं नाही. पण म्हणूनच काळ्या मातीच्या खालचा मुरूम आणि खडी क्रशरवरची कच ही मंगळाच्या मातीची गरिबाघरची आवृत्ती म्हणायला हरकत नाही. विलायती सिम्युलंट किलोवर विकतात. आमच्याकडे कच ट्रॉलीने मिळते.

हॉलंडमधल्या ८४० कुंड्या

ह्या विषयातलं सगळ्यात गाजलेलं काम हॉलंडमधल्या वागेनिंगेन विद्यापीठात झालं. वीगर वामेलिंक नावाच्या संशोधकाने २०१३ साली १४ जातींच्या वनस्पती घेतल्या. टोमॅटो, राय, गाजर, हळीव, शिवाय काही रानटी आणि नत्र धरणाऱ्या. तीन प्रकारच्या माती घेतल्या: नकली मंगळ, नकली चंद्र, आणि तुलनेला ऱ्हाइन नदीच्या खोल थरातली निकस माती. प्रत्येकाच्या २० कुंड्या, कुंडीत ५ बिया. ८४० कुंड्या, ४२०० बिया, ५० दिवस. खत अजिबात नाही.

मंगळाची माती जिंकली. चंद्राच्या मातीपेक्षा तर चांगलीच, ऱ्हाइनच्या त्या निकस मातीपेक्षाही थोडी बरी. काही झाडांना फुलं आली. २०१४ साली निबंध छापून आला. पुढच्या वर्षी त्यांनी मातीत सेंद्रिय माल मिसळून दहा पिकं लावली, त्यात आमच्या कांद्याची दोन चुलत भावंडंही होती, लीक आणि चाइव्ह. पालक सोडून नऊ पिकं व्यवस्थित आली. मुळा, वाटाणा, राय आणि टोमॅटोत जड धातू किती उतरले तेही तपासलं, धोकादायक पातळी निघाली नाही.

हे सगळं मी गेल्या दिवाळीत तात्यांना रंगवून सांगितलं. तात्या म्हणजे माझे चुलते. आयुष्यभर कांदा आणि थोडी द्राक्षं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं,

"किती दिवस म्हनला?"

"पन्नास."

"पन्नास दिवसांत तर आपलं रोप लावनीला येतं. कांदा पोसला का, ते सांग."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पन्नास दिवसांच्या प्रयोगातून ते मिळणारही नव्हतं. झाड उगवलं, हिरवं दिसलं, मोजमाप झालं, प्रयोग संपला. शेतकऱ्याचा प्रयोग तिथे सुरू होतो. उन्हाळ कांद्याचं उळं टाकल्यापासून कांदा चाळीत जाईपर्यंत साडेपाच-सहा महिने जातात. पात हिरवीगार असूनही खाली गाठच धरली नाही, असं वर्ष आमच्या घराने बघितलेलं आहे.

रंगाचे बारा डबे

मग ठरवलं, की करूनच बघू. घराला रंग दिला होता त्याचे वीस लिटरचे रिकामे डबे होते, बारा भरले. बुडाला भोकं पाडली आणि चार गट केले, गटात तीन डबे.

पहिला गट 'मंगळ': क्रशरची बारीक कच आणि मुरूम, अर्धं अर्धं, चाळून आणि तीनदा धुऊन. दुसरा गट: तीच कच, पण महिन्यातून दोनदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत. तिसरा गट: तीच कच आणि चौथा हिस्सा कुजलेलं शेणखत. चौथा गट 'पृथ्वी': ओढ्याकाठच्या रानातली काळी माती, दुसरं काही नाही.

प्रत्येक डब्यात दिवाळीत मेथी आणि थोडं कांद्याचं उळं टाकलं. डिसेंबरअखेर ते सगळं उपटून तात्यांच्या वाफ्यातली एकसारखी रोपं लावली, डब्यात सहा. पाण्याचं काम काकूंनी अंगावर घेतलं. एकच मग, सगळ्यांना सारखा. मी दर दुसऱ्या-तिसऱ्या विकांताला पुण्याहून येऊन फोटो काढायचो आणि एक्सेलमध्ये भरायचो. "काय करून राहिला हा दगडात?" असं गल्लीतल्या प्रत्येकाने एकदा तरी विचारून घेतलं.

आता ही काही शास्त्रीय चाचणी नव्हे हे मलाही कळतं. बारा डब्यांवर निबंध छापत नाहीत. शिवाय माझ्या मंगळात पर्क्लोरेट नव्हतं. ते घरी आणून काकूंच्या तुळशीशेजारी ठेवायचा प्रश्नच येत नव्हता. माझा प्रश्न तात्यांचाच होता: उगवेल तर खरं, पण पोसेल का?

पहिल्या पंधरा दिवसांत बाराच्या बारा डबे सारखे हिरवे! मेथी कचेतही तितकीच टरारून आली. मी खूष. तात्यांनी मात्र मान हलवली. "बी आपला डबा बरोबर घेऊनच येतं. डबा संपू दे, मग जमिनीचा हिशोब सुरू व्हतो."

डबा संपला आणि खरोखरच हिशोब सुरू झाला. महिना व्हायच्या आत पहिल्या गटातल्या मेथीची खालची पानं पिवळी पडली. उळ्याच्या काड्या सुईसारख्या बारीक राहिल्या. कचेचा वरचा थर वाळला की पापडासारखा कडक होई, पाणी आधी वर तुंबे आणि मग एकदम खालून निघून जाई. काळ्या मातीत मगभर पाणी जिथल्या तिथे मुरून राही.

नंतर वाचताना कळलं की हीच गोष्ट फ्लोरिडात एका गटाने रीतसर सिद्ध केली आहे. त्यांचा निबंध २०२१ सालचा. तीन वेगवेगळ्या नकली मंगळ-माती घेतल्या, लेट्युस आणि अरॅबिडॉप्सिस लावलं. वरून पोषण न देता एकाही मातीत रोपं तगली नाहीत. एका मातीत, म्हणजे त्या काटेकोर एमजीएस-१ मध्ये, तर पोषण देऊनही भागलं नाही. तिचा सामू इतका चढा होता की तो उतरवल्यावरच काही उगवलं. आणि मातीत पर्क्लोरेट मिसळल्यावर? काहीच नाही. शून्य.

म्हणजे हॉलंडवाले खोटे का? तर नाही. हवाईची माती खऱ्या ज्वालामुखीची, पावसात भिजलेली, थोडंफार नत्र बाळगून असलेली. डमी डेटा जितका गुळगुळीत तितकी टेस्ट सोपी. आमच्याकडे ह्याला 'माझ्या मशीनवर तर चालतंय' म्हणतात :-)

लासलगावचा किरणोत्सार आणि मंगळाचा

इथे थोडं विषयांतर. मंगळ म्हटलं की लोक पहिली भीती घालतात ती किरणोत्साराची. तिथे ना जाड हवा, ना पृथ्वीसारखं चुंबकीय कवच, झाडं जळून जातील वगैरे. ह्या बाबतीत लासलगावकराला गप्प बसवणं अवघड आहे. कारण कांद्याला मुद्दाम किरणोत्सार देणारं केंद्र आमच्या गावात आहे! भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेलं 'कृषक', म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, २००२ साली सुरू झालं. कोबाल्ट-६० चे गॅमा किरण कांद्यावर सोडले की त्याला कोंब फुटत नाहीत, म्हणून तो जास्त टिकतो. २००७ साली भारतातून अमेरिकेला आंबे पुन्हा जायला लागले तेही इथे किरण खाऊन.

कोंब थांबवायला कांद्याला साधारण ६० ग्रे इतकी मात्रा लागते. आता क्युरिऑसिटीने मंगळाच्या जमिनीवर मोजलेली मात्रा बघा: दिवसाला ०.२१ मिलिग्रे. भागाकार केला. मंगळावर उघड्यावर ठेवलेल्या कांद्याला लासलगावइतकी मात्रा मिळायला सुमारे पावणेआठशे वर्षं लागतील!

१२० दिवसांच्या हंगामात तिथे मिळणार २५ मिलिग्रे, म्हणजे इथल्याच्या चोवीसशेव्या हिश्शाएवढी. किरणांची जात वेगळी आहे हे मान्य. तिकडे अंतराळातून येणारे जड कणही असतात आणि ते जास्त त्रासदायक. माणसाची गोष्ट तर वेगळीच: पृथ्वीवर नैसर्गिकपणे वर्षभरात जेवढा किरणोत्सार अंगावर घेतो तेवढा मंगळावर चारेक दिवसांत. पण कांद्यापुरतं बोलायचं तर किरणोत्सार हा त्याचा पहिला शत्रू नाही.

पहिले शत्रू साधे आहेत. हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्काही नाही, पाणी उघड्यावर ओतलं तर एकीकडे उकळेल आणि दुसरीकडे गोठेल. रात्रीचं तापमान उणे ७०-८०. ऊन आपल्या निम्म्याहून कमी. म्हणजे जे काही पिकवायचं ते बंद हरितगृहात, दाब-उष्णता-उजेड सगळं विकत घेऊन. त्याउपर मातीतलं मीठ.

त्या मिठाचाही हिशोब केला. एक गुंठा जमीन, अर्धा फूट खोल, माती भरते साधारण एकवीस टन. अर्धा टक्का धरला तर पर्क्लोरेट शंभर किलोच्या वर. गुंठ्याला दोन गोण्या विष! तात्यांना हे सांगितलं तर ते अजिबात घाबरले नाहीत. "म्हंजे चोपन रान झालं की."

आणि खरंच, उपायही तेच आहेत. कालव्याकाठी वर्षानुवर्षं जादा पाणी दिलं की जमिनी क्षारपड होतात, चोपण होतात. मग शेतकरी काय करतो? चर काढतो, जिप्सम टाकतो, गोड्या पाण्याने मीठ धुऊन खाली काढतो, ताग किंवा धैंचा पेरून गाडतो. पर्क्लोरेट पाण्यात झकास विरघळतं, त्यामुळे धुऊन काढणं शक्य आहे. काही जिवाणू ते खाऊन त्याचं साधं क्लोराइड करतात. जिप्समही मंगळावर आहे, ऑपॉर्च्युनिटी गाडीला २०११ साली त्याची शीर सापडली होती. फक्त धुवायला लागणारं गोडं पाणी बर्फ वितळवून आणायचं आणि वापरलेला थेंब न् थेंब परत शुद्ध करायचा. इकडे पाटाला पाणी कधी सुटेल ह्याची वाट बघणाऱ्या माणसाला हे अगदीच परकं वाटायला नको.

एप्रिल

डब्यातल्या कांद्यांची मान पडली ती एप्रिलच्या मध्यावर. ज्यांची पडली त्यांची. सगळे उपटून अंगणात ओळीने मांडले.

नुसत्या कचेतल्या अठरा रोपांपैकी बरीचशी जिवंत होती. पण कांदा एकही नाही. पातीच्या बुडाशी करंगळीएवढी जाडी, बस. हॉलंडच्या हिशोबात ही झाडं 'जगली' ह्या रकान्यात जातील, लासलगावच्या बाजारात कुठल्याच रकान्यात जाणार नाहीत. १९:१९:१९ वाल्यांनी गाठ धरली, पण एक मोठा, एक बोराएवढा, एक जोडकांदा, असा सगळा बेशिस्त कारभार. त्यांना पाणीही कमी पडत होतं, ऊन तापल्यावर दुपारी माना टाकायचे. शेणखताच्या डब्यात चक्क गोल्टी झाली, लहान पण एकसारखी आणि टणक. काळ्या मातीतला कांदा नेहमीसारखा. त्याच्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही.

तात्यांनी मात्र त्यातलाच एक उचलला आणि हातात फिरवत बसले.

आता एक गोष्ट सांगायला हवी. गेल्या हंगामात भाव पडले होते. सोसायटीचं कर्ज होतं, वर चुलत बहिणीचं लग्न ठरलेलं. अशात एका वीटभट्टीवाल्याने निरोप धाडला होता, की ओढ्याकाठच्या एकरातली वरची फूटभर माती द्या, रोख पैसे देतो. रान कुठे जात नाही, सातबारा तुमचाच, फक्त एक फूट खाली उतरेल. आसपास दोन-तीन जणांनी दिलीही होती. घरात ह्यावर महिनाभर चर्चा चालू होती. मी आकडे मांडून दिले होते: एकराची फूटभर माती म्हणजे सव्वाचारशे-साडेचारशे ब्रास, इतके ट्रॅक्टर, इतके पैसे. आकड्यांनी काही ठरत नव्हतं, कारण विकत घेणाऱ्याच्या आकड्यासमोर मांडायला आमच्याकडे दुसरा आकडा नव्हता. दगडापासून इंचभर माती व्हायला शेकडो वर्षं लागतात, हे वाक्य शाळेच्या पुस्तकात ठीक असतं. सोसायटीच्या नोटिशीपुढे ते टिकत नाही.

तात्यांनी कांदा खाली ठेवला आणि पहिल्या गटातल्या एका डब्याला पायाने हलकेच ढकललं.

"त्या रानात फूटभर माती काढली, की खाली हे हाये."

एवढंच. खाली मुरूम आहे हे त्यांना काय, घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. विहीर खोदताना सगळ्यांनी बघितलेला. पण त्या मुरमात लावलेला कांदा कसा होतो, हे कुणी लावून बघितलं नव्हतं. कशाला लावेल कोणी? संध्याकाळी त्यांनी भट्टीवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं. काकू म्हणाल्या, मग पैशाचं काय? ह्याला तात्यांकडे उत्तर नव्हतं. लग्नाचा खर्च थोडा कमी केला, थोडे पैसे मी घातले, सोसायटीचं कर्ज नवंजुनं केलं. ते अजून फिटायचंय. प्रयोगाने कर्ज फिटत नाही.

पण मंगळाच्या संशोधनाचा उपयोग काय, असं मला हापिसात कोणी विचारलं, तर माझ्याकडे आता एक उदाहरण आहे. नसलेली माती करायला किती कष्ट लागतात, हे मोजायचं शास्त्र आहे ते. असलेल्या मातीची किंमत मांडायला त्याचा आकडा उपयोगी पडतो.

विरजण

'द मार्शियन' सिनेमा आठवतोय ना, २०१५ सालचा? मॅट डेमन मंगळावर बटाटे लावतो. मूळ कादंबरी लिहिणारा अँडी विअर आपल्याच जातीचा, प्रोग्रामर. त्याने एक गोष्ट अचूक पकडली आहे. त्याचा नायक नुसत्या मंगळाच्या मातीत बटाटे लावत नाही. प्रयोगासाठी पृथ्वीवरून आणलेली थोडीशी जिवंत माती त्याच्याकडे असते. ती तो मंगळाच्या मातीत कालवतो, वर अंतराळवीरांची विष्ठा घालतो आणि जिवाणू वाढायची वाट बघतो. म्हणजे काय? विरजण लावतो! दूध कितीही चांगलं असलं तरी विरजणाशिवाय दही होत नाही, तसं खनिजं कितीही असली तरी जिवाणूंशिवाय माती होत नाही.

वामेलिंकही पुढे तिकडेच गेले. २०१७ साली त्यांनी नकली मंगळाच्या मातीत डुकराच्या खताची स्लरी घातली, गांडुळं सोडली आणि एक पालेभाजी लावली. काही आठवड्यांनी त्या कुंडीत दोन नवी, इवलीशी गांडुळं सापडली. माझ्या मते ह्या सगळ्या संशोधनातली सगळ्यात मोठी बातमी ही आहे. बी उगवतं ते स्वतःच्या डब्यावर. पण गांडुळाला पिल्लं झाली म्हणजे त्या मातीत कोणीतरी संसार थाटला.

त्यामुळे मंगळावर कांदा होईल का, ह्या प्रश्नाला माझं उत्तर आता असं आहे: होईल. मीठ धुऊन, दाब देऊन, ऊब देऊन, नत्र पुरवून आणि विरजण लावून. पहिल्या हंगामात फक्त पात खायची तयारी ठेवावी. चार-पाच हंगाम काडीकचरा, विष्ठा, पालापाचोळा त्याच मातीत परत घालत राहिलं तर गोल्टी निघेल. आणि पहिल्या यानात बियाण्याच्या पाकिटाआधी शेणखताच्या गोणीचं वजन धरावं लागेल. किलोमागे भाडं किती बसेल ते नासाने बघावं.

तुम्हाला करून बघायचं असेल तर अगदी सोपं आहे. कुठल्याही बांधकामावरून बादलीभर कच मिळते. धुऊन घ्या, गॅलरीतल्या दोन कुंड्यांपैकी एकीत ती भरा, दुसरीत चांगली माती, आणि दोन्हीत मूठभर मेथी पेरा. पहिले पंधरा दिवस निकाल जाहीर करू नका. बी तेव्हा स्वतःचा डबा खात असतं. खरी गंमत त्यानंतर आहे.

आमचे बारा डबे सध्या रिकामे आहेत. तिसऱ्या गटातली कच मात्र मी टाकली नाही. तीनही डबे मोठ्या कुंडीत ओतून तिच्यात ह्या पावसाळ्यात ताग पेरलाय, फुलावर आला की तिथेच गाडायचा. काकूंनी परवा फोनवर सांगितलं, की खुरपताना तिच्यात एक गांडूळ दिसलं.